रोग बरा झाला, पण पुढे काय?

वाचण्याआधी हे शब्द बघून ठेवा.
चट्टा : त्वचेवरचा वेगळ्या रंगाचा डाग
बधिर : स्पर्श, गरम, थंड काहीच न कळणारा
वाळीत टाकणे : गावाने एखाद्याशी सगळे संबंध तोडणे
उपजीविका : पोट भरण्यासाठी केलेलं काम

नोकरीसाठी यूएईमध्ये येणाऱ्या माणसाची व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी होते. तुमच्या आईबाबांचीही झाली असेल. ज्या आजारांसाठी ही तपासणी होते त्यांत कुष्ठरोग हे एक नाव आहे. हा आजार आज गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, तरी त्याचं नाव काढलं की लोक दचकतात. असं का होतं, ते आज बघू.

कुष्ठरोगाला मराठीत जुना शब्द आहे महारोग. १८७३ साली नॉर्वेमध्ये हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी त्याचा जंतू शोधला. हा जंतू फार हळू वाढतो आणि त्वचेवर व नसांवर हल्ला करतो. आधी एखादा फिकट चट्टा दिसतो. तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस लक्ष देत नाही. मग हात-पाय बधिर होऊ लागतात. भाकरी करताना गरम तवा हाताला लागला, तरी चटका बसल्याचं कळत नाही. जखम होते, चिघळते, पुन्हा होते. लोकांना वाटतं की या रोगाने बोटं झडतात. तसं नाही बरं का! न कळलेल्या जखमांमुळे बोटं हळूहळू आखूड होत जातात.

मराठीत आपण म्हणतो, 'त्याचं हातावर पोट आहे'. म्हणजे रोज काम केलं तरच रोज जेवायला मिळतं. शेतमजूर, विणकर, कुंभार या सगळ्यांचं हातावर पोट. हातच गेला की उपजीविका गेली. त्यात गाव वाळीत टाकायचं. म्हणून अनेक रुग्ण भीक मागू लागले. रोग शरीराचा होता, पण गरिबी माणसांनी आणलेली होती, असं मला वाटतं.

१९४९ साली बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा गावाजवळ आनंदवन सुरू केलं. सोबत पत्नी साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. जमीन दगडांनी भरलेली. त्यांनी विहीर खणली, शेती केली आणि भाजी पिकवली. आता खरी अडचण आली. ती भाजी विकत कोण घेणार? अल ऐनच्या भाजी बाजारात एकाच दुकानाकडे कुणी फिरकलं नाही, तर त्या दुकानदाराचं काय होईल, विचार करा. पुढे परदेशातून काही स्वयंसेवक बांधकामात मदत करायला आनंदवनात आले. ते तिथेच राहायचे, तिथलंच जेवायचे. त्यांना काही होत नाही हे आसपासच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि हळूहळू भाजी विकली जाऊ लागली.

औषधाची मोठी बातमी आली १९८१ साली. एकापेक्षा जास्त औषधं एकत्र दिली, तर रोग पूर्ण बरा होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. भारतात १९८३ साली दर १०,००० लोकांमागे सुमारे ५८ रुग्ण होते. डिसेंबर २००५ पर्यंत हा आकडा एकाच्याही खाली आला. नव्या रुग्णाला आता वसाहतीत जायची गरज उरली नाही. तो घरी राहून, काम करत करत बरा होऊ शकतो. घराची कमाई बंद पडत नाही. औषधाचा सगळ्यात मोठा आर्थिक फायदा मला हाच वाटतो.

पण जे आधीच घर सोडून आले होते, त्यांचं काय? जंतू मेला तरी वाकडी झालेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत. गावात जागा उरलेली नव्हती. 'तू परत आलास तर बहिणीचं लग्न कसं होणार?' अशी भीती घरच्यांना असायची. म्हणून बरे झालेले अनेक लोक वसाहतीतच राहिले. तिथेच त्यांची लग्नं झाली, मुलं झाली.

आनंदवनही बदललं. अंध, अपंग, कर्णबधिर माणसं तिथे राहू लागली, शिकू लागली. १९६४ साली तिथे कॉलेज सुरू झालं आणि बाहेरचे विद्यार्थी शिकायला येऊ लागले. ज्या आनंदवनाची भाजी कुणी घेत नव्हतं, तिथे लोक आपली मुलं शिकायला पाठवू लागले!

कायदा मात्र फार सावकाश बदलला. रुग्णांना वेगळं ठेवण्याचा १८९८ सालचा कायदा रद्द झाला २०१६ साली. नवरा किंवा बायकोला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येत होता. ते कलम गेलं २०१९ साली, म्हणजे औषध आल्यानंतर ३८ वर्षांनी. आम्ही आयटीवाले रोज बघतो, बग दुरुस्त झाला तरी आधी बिघडलेला डेटा आपोआप सुधारत नाही. तो वेगळा बसून साफ करावा लागतो.

आता एका शब्दाकडे बघू : निर्मूलन. यात 'मूळ' लपलेलं आहे. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटून टाकणं. २००५ नंतर 'कुष्ठरोगाचं निर्मूलन झालं' असं सगळीकडे सांगितलं गेलं. पण सरकारी हिशेबात त्याचा अर्थ एवढाच होता की १०,००० लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. मूळ तर शिल्लकच होतं! लोकांना वाटलं, रोग संपला. घरोघरी जाऊन शोधणं कमी झालं. जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात. म्हणून २०१६ साली घरोघरी शोधमोहीम पुन्हा जोरात सुरू झाली.

अशा मोहिमेत आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, दारोदार जातात आणि विचारतात, 'अंगावर न दुखणारा, न खाजणारा चट्टा आहे का?' तो सुरुवातीलाच सापडला, तर साधारण सहा महिने गोळ्या घ्यायच्या, आणि तेवढ्यात शेतातलं कामही चालू राहतं.