माहिती चौकट : विश्वेश्वरय्या आणि खडकवासल्याची दारे

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (१८६१–१९६२)

• शिक्षण : पुण्याचे कॉलेज ऑफ सायन्स (आजचे सीओईपी), १८८३.
• नोकरी : मुंबई इलाख्याचे सार्वजनिक बांधकाम खाते, १८८४ पासून.
• म्हैसूर : मुख्य अभियंता १९०९, दिवाण १९१२–१८.
• सन्मान : भारतरत्न, १९५५. जन्मदिवस १५ सप्टेंबर हा देशभर अभियंता दिन.

धरण आधीचे, दारे त्यांची

खडकवासल्याचे धरण विश्वेश्वरय्यांनी बांधलेले नाही. ते खात्यात रुजू होण्याआधीच धरण उभे होते. त्यांचे काम सांडव्यावरचे. १९०३ मध्ये तिथे त्यांच्या रचनेची स्वयंचलित दारे बसली आणि भिंत न वाढवता साठ्याची पातळी सुमारे ८ फूट वर नेता आली. जादा पाण्याने धरणाला धोका होईल, ही शंका रास्त होती. पण पावसाळ्यात पूर सांडव्यावरून एरवीही जवळपास तेवढा चढत असे. दारांनी तीच उंची साठ्यासाठी वापरात आणली. पाणी ठरलेल्या रेषेला पोचले की दारे आपोआप उघडत, पातळी उतरली की मिटत. त्यामुळे पुराची कमाल पातळी वाढली नाही.

कृष्णराजसागर

कावेरीवरील या धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी पुरे झाले. योजना व पहिला टप्पा विश्वेश्वरय्यांच्या कारकिर्दीतला. काम तडीस गेले ते त्यांनी दिवाणपद सोडल्यावर, नंतरच्या अभियंत्यांच्या हातून. स्वयंचलित दारे इथेही बसवली गेली.