पिंजऱ्यांतील मिठू आणि कायदा

यवतमाळकडील जुन्या घरांच्या ओसरीवर पूर्वी पोपटाचा पिंजरा टांगलेला दिसे. मिठूला ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणावयास शिकविणें हा लहानथोरांचा विरंगुळा असे. आमच्या घरींहि तो होता. त्यांत कांहीं गैर आहे असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. आज तोच पिंजरा कायद्यानें गुन्हा ठरतो. उलट, दक्षिण अमेरिकेंतील मकाव नांवाचा मोठा पोपट रीतसर नोंदणी करून घरीं ठेवितां येतो. देशी पांखराला मज्जाव आणि परदेशी पांखराला मोकळीक, हा कोठला न्याय, असें पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ विचारतात.

याचें उत्तर पांखरूं कोठून येतें यांत आहे. आपल्या रानांतील जीवांसाठीं १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. त्यांतील ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ बंदुकीपुरता नाहीं. प्राणी पकडणें, सापळा लावणें, पांखरांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणें, हीहि शिकारच होय. पूर्वी कांहीं जातींची शिकार परवान्यानें करतां येई. १९९१ च्या दुरुस्तीनें ती वाट बंद झाली. आपला कंठवाला हिरवा पोपट २०२२ च्या दुरुस्तीपासून दुसऱ्या अनुसूचींत आहे. त्याच्या बाबतींतील गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. आपल्या जिल्ह्यांत टिपेश्वर व पैनगंगा हीं अभयारण्यें आहेत. परंतु हें संरक्षण त्यांच्या हद्दीपुरतें नाहीं. गांवच्या पिंपळावरील पोपटालाहि तें आहे. बाजारांतील देशी पोपट म्हणजे बहुधा झाडाच्या ढोलींतून उचललेलें पिलूंच. विकत घेणारा नसेल, तर ढोलींत हात घालणारा तरी कशाला घालील?

परदेशी प्राण्यांची गोष्ट निराळी. दुर्मिळ जीवांच्या व्यापारावर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण आहे. त्यांतील जाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचींत आल्या असून ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली. २०२४ च्या नियमांप्रमाणें अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते; त्यांना झालेलीं पिलें, त्यांचें हस्तांतर व मृत्यु हेंहि कळवावें लागतें. मकाव व आफ्रिकेंतील करडा पोपट या यादींत आहेत. बजरीगर व कॉकाटील नाहींत. परंतु यादींत नसलेला प्राणीहि चोरवाटेनें देशांत आणतां येत नाहीं. २०२२ च्या एप्रिलांत बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यांत रस्त्याच्या कडेला कांगारू भटकतांना सांपडले. ऑस्ट्रेलियाचे ते प्राणी तेथें आपल्या पायांनीं खचित आले नव्हते!

मग ज्यांच्या घरीं आज मिठू आहे त्यांनीं काय करावें? भीतीपोटीं पिंजऱ्याचें दार उघडून त्याला उडवून देऊं नये. माणसाच्या हातीं वाढलेल्या पांखराला अन्न शोधणें किंवा शिकऱ्यापासून जीव वांचविणें जमत नाहीं. त्याला वनखात्याच्या कार्यालयांत सोंपवावें. वाटेंत एखादें पिलूं सांपडून तें आपण ताब्यांत घेतलें, तर अठ्ठेचाळीस तासांच्या आंत पोलीस ठाण्यास किंवा वनाधिकाऱ्यास कळवावें. परदेशी कासवें अथवा पांखरें नकोशीं झालीं म्हणून तळ्यांत किंवा रानांत सोडूं नयेत. तीं तेथील मूळ रहिवाशांच्या मुळावर येतात.

आमच्या मिठूवर आम्हीं माया केली हें खरें. पण त्याच्या ढोलीचा विचार कधीं केला नाहीं. कायद्यानें तेवढाच विचार आपल्याला करावयास लाविला आहे.