पोलादी नळांचे प्रकार व त्यांचे औद्योगिक उपयोग : वऱ्हाडच्या विशेष संदर्भात

सारांश : पोलादी नळ ही एकच वस्तू नसून निर्मितिप्रक्रिया, धातूची जात व पृष्ठसंरक्षण यांनुसार भिन्न गुणधर्म असणाऱ्या वस्तूंचा तो एक वर्ग आहे. प्रस्तुत लेखात या वर्गाचे प्रमुख प्रकार स्पष्ट केले असून अमरावती व अकोला जिल्ह्यांतील उद्योग, काळी जमीन व खारपाणपट्टा यांच्या संदर्भात नळाच्या निवडीचा विचार केला आहे.

बीजशब्द : सीमलेस नळ, ईआरडब्ल्यू नळ, जस्तविलेपन, क्षरण, खारपाणपट्टा.

प्रस्तावना

वऱ्हाडात पोलादी नळाचा संबंध वीजनिर्मितीपासून विहिरीपर्यंत सर्वत्र येतो. पारस येथील औष्णिक केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॅटचे, तर अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथील केंद्रात प्रत्येकी २७० मेगावॅटचे संच आहेत. अकोल्यातील तेलगिरण्या व डाळगिरण्या, ठिकठिकाणचे जिनिंग-प्रेसिंग कारखाने आणि धरणांवर आधारित पाणीपुरवठा योजना यांनाही नळ लागतात. मात्र एका ठिकाणी योग्य ठरणारा नळ दुसऱ्या ठिकाणी अल्पावधीत निकामी होऊ शकतो. म्हणून प्रकारांमागील शास्त्र समजून घेणे आवश्यक ठरते.

निर्मितिप्रक्रियेनुसार प्रकार

१) सीमलेस नळ : तप्त पोलादी गोळा फिरत्या लाटण्यांमध्ये दाबून त्याच्या मध्यभागी टोकदार दांड्याने छिद्र पाडतात व पुढे तो लांबवतात. जर्मनीतील मानेसमान बंधूंनी १८८० च्या दशकात ही पद्धती विकसित केली. या नळाला सांधा नसतो. त्यामुळे उच्च दाब व उच्च तापमान यांसाठी तो श्रेयस्कर मानला जातो.

२) ईआरडब्ल्यू नळ : पोलादी पट्टी गोल वळवून तिच्या कडा विद्युत्‌प्रवाहाच्या उष्णतेने तापवतात व दाबाने जोडतात. हा नळ तुलनेने स्वस्त असतो आणि त्याची जाडी एकसारखी राहते. पाणी, हवा व कमी दाबाची वाफ वाहून नेण्यासाठी, तसेच शेड व फर्निचरच्या सांगाड्यासाठी तो वापरतात.

३) सॉ पद्धतीचे नळ : मोठ्या व्यासासाठी दाणेदार फ्लक्सच्या थराखाली विद्युत्‌चापाने जोडकाम केले जाते. सांधा सरळ किंवा सर्पिल असतो. सर्पिल पद्धतीत एकाच रुंदीच्या पट्टीपासून, केवळ वळणाचा कोन बदलून, निरनिराळ्या व्यासांचे नळ बनविता येतात.

सांध्याचे महत्त्व पुढील गणितावरून ध्यानात येते. नळाच्या भित्तिकेतील परिघीय ताण हा दाब गुणिले व्यास भागिले दुप्पट जाडी इतका असतो. १,००० मिमी व्यास, ८ मिमी जाडी व सुमारे १०० मीटर पाणीस्तंभाचा, म्हणजे प्रति चौ. मिमी १ न्यूटन दाब असल्यास हा ताण प्रति चौ. मिमी ६२.५ न्यूटन येतो. लांबीच्या दिशेचा ताण याच्या निम्मा असतो. सरळ सांध्यावर परिघीय ताण पूर्णांशाने पडतो, तर सर्पिल सांध्यावर तो अंशतः पडतो. परंतु सर्पिल नळात सांध्याची एकूण लांबी अधिक असल्याने तपासणी अधिक काटेकोर लागते.

मानके व पृष्ठसंरक्षण

१५० मिमीपर्यंतच्या सामान्य नळांसाठी आयएस १२३९ हे भारतीय मानक आहे. त्यात हलका, मध्यम व जड असे तीन वर्ग असून ते अनुक्रमे पिवळ्या, निळ्या व लाल पट्ट्यांनी ओळखले जातात. मोठ्या जलवाहिन्यांसाठी आयएस ३५८९, तर विहिरींच्या केसिंगसाठी आयएस ४२७० लागू होते.

जीआय नळ हा सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडविलेला नळ होय. जस्त प्रथम स्वतः झिजते व पोलादाचे रक्षण करते. मात्र आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो. त्यामुळे गंजाची सुरुवात बहुधा जोडावरच होते.

वऱ्हाडातील उपयोजन

औष्णिक केंद्राच्या बॉयलरमधील नळ्या आतून दाब व बाहेरून ज्वालावायूंची उष्णता सहन करतात. तेथे सीमलेस नळ्या वापरतात. अतितप्त वाफेच्या भागात क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त मिश्रपोलाद आवश्यक असते, कारण साधे पोलाद उच्च तापमानात सतत भाराखाली हळूहळू ताणले जाते. जिनिंग कारखान्यातील अग्निशमन वाहिनीसाठी मात्र जोडकामाचा साधा पोलादी नळ पुरेसा ठरतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हा याहून कठीण प्रश्न आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या गाळाच्या प्रदेशात भूजल मोठ्या प्रमाणावर क्षारयुक्त आहे. पाण्यातील क्लोराइडमुळे पोलादावर खड्डे पडतात. भित्तिकेची सरासरी जाडी पुरेशी असूनही एका खड्ड्यातून नळ फुटू शकतो. साधे स्टेनलेस स्टीलही येथे नेहमीच सुरक्षित नसते. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेली ३१६ ही जात अधिक टिकाव धरते. बेसाल्टमध्ये केसिंग प्रामुख्याने वरच्या मुरमाड भागापुरते लागते. गाळाच्या थरांत मात्र ते खोलवर जाते आणि खारे थर अलग ठेवण्याचे कार्य करते. असे केसिंग गंजल्यास खारे पाणी गोड्या पाण्याच्या थरात शिरण्याचा धोका संभवतो.

म्हणूनच या पट्ट्यातील गावांसाठी वान व शहानूर धरणांवर आधारित प्रादेशिक योजना महत्त्वाच्या आहेत. परंतु दूरवरून येणारी वाहिनी काळ्या जमिनीतून जाते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते व जोडांवर ताण आणते. ओलसर क्षारयुक्त माती विजेची सुवाहक असल्याने बाह्य क्षरणही वेगाने होते. त्यामुळे पोलादी वाहिनीस आतून सिमेंटचे अस्तर, बाहेरून अखंड लेपन व आवश्यक तेथे ऋणाग्र संरक्षण द्यावे लागते. अल्प दाबाच्या उपवाहिन्यांसाठी एचडीपीई वा पीव्हीसी नळ अधिक उचित ठरतात.

निष्कर्ष

नळाची निवड केवळ व्यास व दर यांवरून करणे अशास्त्रीय आहे. दाब, तापमान, पाण्याचे रसायन व मातीचा स्वभाव हे चारही घटक एकत्रितपणे विचारात घेतले पाहिजेत. कारखान्यात चुकीच्या निवडीने उत्पादन थांबते. खारपाणपट्ट्यात मात्र तिची किंमत गावकऱ्यांना पुन्हा खारे पाणी पिऊन मोजावी लागते. या दृष्टीने अभियांत्रिकी, रसायनशास्त्र व भूगोल या विषयांच्या अध्यापनात स्थानिक पाणी व मृदा यांच्या परीक्षणाची सांगड घालणे उपयुक्त ठरेल.