चाच्यांच्या जहाजावरचा आचारी

एली ब्राउन या अमेरिकी लेखकाची ‘सिनॅमन अँड गनपावडर’ ही कादंबरी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक ओवेन वेजवुड हा नामांकित आचारी. १८१९ मध्ये मॅड हॅना मॅबट ही तांबड्या केसांची चाच्यांची कप्तान त्याच्या मालकाला ठार करते आणि वेजवुडला उचलून आपल्या जहाजावर नेते. जीव वाचवायचा तर दर रविवारी तिच्यापुढे उत्तम जेवण मांडायचे, अशी अट असते. रत्नागिरीच्या वाचकाला या कादंबरीतला स्वयंपाक चटकन आपला वाटतो. चाचेगिरी मात्र खुपते.

त्या काळी युरोपीय जहाजांवर मुख्यतः खारवलेले मांस, वाटाणे आणि दगडासारखी कडक बिस्किटे मिळत. त्यात किडे पडत. असल्या शिध्यातून वेजवुड पहिल्यांदा जिंकतो तो पाव करून. आंबवलेल्या पिठाचा डबा तो सदऱ्याखाली अंगाशी धरून ठेवतो. भोवती तलवारी चालू असताना पीठ त्याच्या अंगाच्या उबेने फुगते. पुढे चहाच्या धुरावरचा वाम मासा होतो, अननस आणि केळ्यांचे आंबवलेले पेय होते. कादंबरीची सगळ्यांत सरस पाने हीच. पीठ आणि पाणी उबेत ठेवले की त्यातले सूक्ष्म जीव पीठ आंबवतात, वायू सोडतात आणि कणीक वर येते. गोव्यातले पाववाले पूर्वी हेच काम माडाच्या सुरेकडून करून घेत.

कोकणी घराला ही धडपड नवी नाही. पावसाळ्यात समुद्र खवळतो, मासेमारी थांबते. त्याआधी बेगमी करावी लागते: सोडे, सुकट, सुके बांगडे, आमसुले, कुळीथ, मिठातले गरे, आंबापोळी. पदार्थातले पाणी काढून टाकायचे किंवा मीठ इतके घालायचे की कुजवणारे जिवाणू वाढूच नयेत; जहाजाच्या कोठाराचे शास्त्रही एवढेच आहे. शिवाय जहाजावरचा स्वयंपाक या किनाऱ्याच्या पोटापाण्याचा भाग राहिला आहे. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांतले असत, तर प्रवाशांच्या दिमतीला गोव्याची माणसे. खलाशांसाठी रांधणाऱ्याला भंडारी म्हणत. हलत्या जमिनीवर, मोजक्या पाण्यात, थकलेल्या माणसांना गरम भात वाढणे किती कष्टाचे, हे अशा घरांना सांगावे लागत नाही. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मध्येही लाँग जॉन सिल्व्हर जहाजावर येतो तो आचारी म्हणून, पण तिथे स्वयंपाक हे केवळ सोंग आहे. ब्राउनने चूल खरोखर पेटवली, हे त्याचे मोठे श्रेय.

चाचेगिरी खुपण्याचे कारण इतिहासात आहे. कान्होजी आंग्रे हे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. समुद्रावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, त्याची रक्कम भरावी, न घेतल्यास जहाज पकडले जाईल, असा त्यांचा अंमल होता. पोर्तुगीजही आपला परवाना इतरांवर असाच लादत आले होते. तरी इंग्रजांच्या लेखी आंग्रे चाचेच ठरले. कान्होजी १७२९ मध्ये वारले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग किल्ला घेतला. त्या मोहिमेत पेशवेही इंग्रजांच्या बाजूने होते, ही बोच आजही जात नाही. तुळाजींचे आरमार तेव्हा जळून गेले. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या या किल्ल्याची आठवण असलेला वाचक चाच्यांची गोष्ट निव्वळ मौज म्हणून वाचू शकत नाही.

त्याच वाचकाला कादंबरीची राजकीय दिशा मात्र पटते. मॅबटचा राग चीनमधल्या अफूच्या व्यापारावर गबर झालेल्या इंग्रज व्यापाऱ्यांवर आहे. १८१९ म्हणजे पेशवाई बुडाल्याच्या पुढचे वर्ष. कोकण किनारा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता आणि माळव्याची अफू मुंबई व दमणमार्गे चीनकडे जात होती. ब्राउनने कायदेशीर म्हणवणाऱ्या लुटीवर बोट ठेवले, हे योग्यच झाले. पण त्याच भरात तो मॅबटच्या हातून होणाऱ्या हत्या फार लवकर माफ करून टाकतो. पाठलाग आणि लढायाही घाईने येतात. आंबवणाला दिलेला वेळ त्यांना मिळत नाही.

कादंबरी वाचणाऱ्याने शेजारी मनोहर माळगावकरांचे कान्होजींचे चरित्र ठेवावे. मूळ इंग्रजी पुस्तक १९५९ मध्ये निघाले आणि त्याचा मराठी अनुवाद पु. ल. देशपांडे यांनी केला आहे.