ऱ्होंडा : खाणी मिटल्या, वस्ती टिकली

दक्षिण वेल्समध्ये कार्डिफहून उत्तरेकडे निघालं की पोर्थ गावापाशी दरीला दोन फाटे फुटतात, थोरली ऱ्होंडा आणि धाकटी ऱ्होंडा. दोन्हीकडे तळाला नदी आणि उतारावर एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या लांबलचक रांगा. एक गाव संपून दुसरं कधी लागलं, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही.

१८५१ मध्ये इथे जेमतेम हजारभर माणसं होती. मेंढपाळांची तुरळक घरं, बाकी रान. १८५५ मध्ये ट्रेहर्बर्टहून पहिला ‘स्टीम कोल’ बाहेर पडला. धूर कमी आणि आच जास्त, म्हणून आगबोटींना हाच कोळसा हवा असे. १९११ पर्यंत लोकसंख्या दीड लाखावर गेली. तळाची सपाट जमीन खाणी आणि रेल्वेने घेतली, त्यामुळे घरं डोंगर चढू लागली. त्यांची पुढची दारं थेट फुटपाथवर उघडतात. परसदारी जायचं तर अनेक ठिकाणी पायऱ्या चढाव्या लागतात. यातली कितीतरी घरं कामगारांनी भिशीसारखी वर्गणी काढून ‘बिल्डिंग क्लब’मार्फत बांधली.

शेवटची मार्डी खाण डिसेंबर १९९० मध्ये बंद झाली. आज उतारांवर गवत आणि सूचिपर्णी झाडं आहेत, पण काही टेकड्या म्हणजे खाणीतून उपसलेल्या दगडमातीचे ढीगच. फेब्रुवारी २०२० च्या वादळी पावसात टायलर्सटाउनचा असा ढीग घसरला आणि सुमारे साठ हजार टन माती दरीत आली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. जवळच्या दरीतल्या अबरव्हॅनला १९६६ मध्ये असाच ढीग शाळेवर कोसळला होता. १४४ जण दगावले, त्यात ११६ मुलं होती. वेल्समध्ये असे अडीच हजारांवर ढीग नोंदले गेले आहेत.

ऱ्होंडात आता सत्तर हजारांच्या आसपास लोक राहतात. कामासाठी अनेकांना कार्डिफची गाडी धरावी लागते. ट्रेहाफोडच्या बंद खाणीत संग्रहालय आहे, ते पाहावंच. पण ट्रिऑर्कीचं ‘पार्क अँड डेअर’ सभागृह चुकवू नये. पगारातल्या पौंडामागे एक पेनी देऊन खाणकामगारांनी ते उभारलं. तिथे आजही नाटकं होतात. खाणमालकांचे ढीग सरकारला राखत बसावं लागतं. कामगारांनी पदरमोड करून बांधलेलं मात्र अजून वापरात आहे.