हप्त्याचा दिवस आणि आपला मेंदू

उद्या फायनान्सवाल्यांचा हप्ता आणि डब्यात पैसे नाहीत. छातीत धडधडतं, तळहाताला घाम सुटतो. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात, त्या ॲड्रेनॅलिन सोडतात, त्याचं हे काम. पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं. ते रक्तात साखर वाढवून झुंजायला बळ देतं. संकट टळलं की ते उतरायला हवं.

पण हप्ता दर आठवड्याला येतो. नळाची रांग, घरातली दारू, झोपडी पाडण्याची नोटीस, यांना कुठली सुट्टी? महिनोन् महिने असं चाललं की कॉर्टिसॉलची लय बिघडते. आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागाला, हिप्पोकॅम्पसला, त्याचा त्रास होतो. चुलीवर दूध ठेवल्याचं ध्यानात राहत नाही. भीतीची घंटा वाजवणारा भाग मात्र सतत जागा. म्हणून लेकराच्या हातून पेला पडला तरी आईचा हात उठतो, आणि मागाहून तिलाच रडू येतं. 'हिचं डोकं फिरलंय' म्हणणाऱ्यांनी आधी तिची झोप किती होते ते विचारावं.

रात्री कॉर्टिसॉल कमी असतं, जागरणाने ते चढं राहतं. म्हणून घरातल्या पुरुषांनी पहाटेचं पाणी भरलं तर तेही औषधच. रोज थोडं चालावं, शेजारणीशी मन मोकळं करावं. दोन आठवडे मन उदास असेल, झोप उडाली असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. जीव नकोसा वाटला तर मात्र थांबू नका, लगेच टेलिमानसच्या १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.