मागच्या ब्रेकला हात लावण्याआधी

ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर गाडीच्या मागच्या ब्रेकमध्ये एक पेच आहे. गाडी उभी ठेवणारा हँडब्रेक मागच्याच चाकांवर काम करतो. आणि मागचा ड्रम काढायचा तर नेमका तोच सोडावा लागतो, नाहीतर आतले शू ड्रमला धरून बसतात. मग गाडी रोखायला उरतो तो गिअरचा ‘पी’. हा ‘पी’ चाकांना धरतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो एका शाफ्टला धरतो. जॅकवर चढवलेल्या गाड्या घसरतात त्या पुष्कळदा या फरकामुळे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर एक दातेरी चाक असते. लिव्हर ‘पी’वर नेला की एक छोटी पोलादी खिट्टी त्या दातांत जाऊन बसते आणि शाफ्ट फिरायचा थांबतो. पण शाफ्ट आणि चाके यांच्यामध्ये डिफरन्शियल असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्यासाठी ही गिअरांची जोडणी. शाफ्टच्या गतीवर ठरते ती दोन्ही चाकांच्या गतीची सरासरी. शाफ्ट थांबला म्हणजे सरासरी शून्य. पण एक चाक पुढे आणि दुसरे तितकेच मागे फिरले तरीही ती शून्यच राहते. दोन्ही चाके जमिनीवर टेकलेली असताना असे उलटसुलट फिरणे घडत नाही, म्हणून गाडी हलत नाही. एक चाक जॅकने उचलले, की ते हवेत मागे फिरायला मोकळे होते आणि त्याच्या जोडीचे जमिनीवरचे चाक पुढे सरकू शकते. खिट्टी दातांत घट्ट बसलेली असते, तरी गाडी चालू लागते.

फोर-बाय-फोरमध्ये याला आणखी एक पदर आहे. मारुती सुझुकीची जिम्नी किंवा महिंद्राची थार या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सनंतर ट्रान्सफर केस येते. ती ‘टू-एच’वर असेल तर शाफ्टचा संबंध फक्त मागच्या चाकांशी राहतो, पुढची चाके मोकळी असतात. अशा स्थितीत मागचे एक चाक उचलले तर ‘पी’ निरुपयोगी, दोन्ही उचलली तर तो हवेतल्या चाकांना धरून बसलेला. ‘फोर-एच’वर मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि ‘पी’ पुढच्या चाकांमार्फत गाडी धरू शकतो, कारण ती दोन्ही जमिनीवर असतात. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहिली, तर ‘पी’ असूनही चारही चाके मोकळी. बाहेरून पाहणाऱ्याला या सर्व स्थितींत गाडी सारखीच दिसते.

म्हणून कोणत्याही गणितावर विसंबायचे नाही: सपाट, टणक जमीन आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली क्लीनर धावत जाऊन दगड सरकवतो, तेच हे तत्त्व. पाचर डिफरन्शियलला विचारत नाही, थेट चाकाला अडवते. चाकाचे नट गाडी जमिनीवर आणि हँडब्रेक ओढलेला असतानाच सैल करायचे. मग जॅक, आणि लगेच ॲक्सलखाली स्टँड. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. मागची चाके हवेत असताना इंजिन चालू करून गिअर टाकणे फोर-बाय-फोरमध्ये विशेष घातक, कारण पुढची चाके जोर घेऊन गाडी स्टँडवरून खेचू शकतात.

जिम्नी आणि थार या दोन्ही गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. ही केवळ काटकसर नाही. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे झुकते. 1,800 किलोची, चाकांमधले अंतर 2.7 मीटर आणि गुरुत्वमध्य 65 सेंटिमीटरवर असलेली गाडी जोराने थांबवली, तर साडेतीनशे किलोच्या आसपास भार मागून पुढे सरकतो. मागच्या चाकांची पकड तितकी घटते, त्यांच्या वाट्याला कमी काम येते आणि ड्रम ते निभावून नेतो. शिवाय ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर आत ओढला जाऊन आपोआप अधिक दाबला जातो, त्यामुळे हँडब्रेकला थोड्या ओढीत भरपूर पकड मिळते. याच कारणाने पुढचा शू सहसा मागच्यापेक्षा आधी झिजतो.

पण मागच्या ब्रेकचे काम कमी म्हणून हलके समजू नये. हीच गाडी ताशी 80 किलोमीटरवरून थांबवताना सुमारे 444 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते; तेवढ्यात जवळपास दीड लिटर पाणी उकळीला येईल. सह्याद्रीतला घाट 500 मीटर उतरताना निघणारी ऊर्जा याच्या वीसपट. इंजिनाने तिचा वाटा उचलला नाही, तर ती सगळी ब्रेकवर येते, आणि ‘डी’मध्ये सोडून दिलेल्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची रोख तोकडी पडते. घाटात ‘एल’ किंवा मॅन्युअल गिअर वापरण्याचा आग्रह त्यासाठी. नव्या फोर-बाय-फोरमध्ये चिखलात घसरणारे चाक संगणक स्वतःच ब्रेक लावून अडवतो, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे जावा. चालकाचा पाय ब्रेकवर नसतानाही लायनर झिजतात, तेही चिखलपाण्यात.

ड्रम निघत नाही ही पहिली अडचण. हँडब्रेक सोडूनही तो अडला, तर शूंनी आत पाडलेला खोलगटपणा आणि कडेला उरलेला उंचवटा हे कारण असते. ॲडजस्टर सैल करावा लागतो. अनेक ड्रमना दोन आटेदार भोके असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने पिळले की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोड्याने ओतीव लोखंड तडकते. आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवणे टाळलेच पाहिजे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याचे तंतू फुप्फुसांच्या आवरणाचा कर्करोग घडवतात. ओल्या फडक्याने टिपून घेणे बरे.

एका वेळी एकच बाजू उघडावी; स्प्रिंगा कशा बसतात याचा नमुना दुसऱ्या बाजूला शाबूत राहतो. डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे आटे बहुधा उलट दिशेचे असतात. त्यांची अदलाबदल झाली, तर झीज भरून काढण्याऐवजी ते शूंमधली फट वाढवत नेतात. लायनर ओला दिसला, तर व्हील सिलिंडर गळतो आहे किंवा ॲक्सलचे सील गेले आहे. नुसते लायनर बदलून तो दोष जात नाही. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो. झीज त्यापलीकडे गेली, की ड्रम बदलण्याखेरीज उपाय नाही.

मागे डिस्क आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर पिस्टन जोराने मागे ढकलू नये. आत मोटरीवर चालणारा स्क्रू असतो. त्याला आधी स्कॅनरने किंवा कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने सर्व्हिस स्थितीत न्यावे लागते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. ताज्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, ओल धरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155. घाटात ऑइल उकळले, की नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जाते. म्हणून सिलिंडर उघडला असेल, तर हवा काढताना ऑइलही नवे भरावे.

चाके जमिनीवर टेकवल्यावर नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळतात. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबावे, कारण शू किंवा पिस्टन अजून जागेवर आलेले नसतात. कायम चारही चाकांना जोर देणारी गाडी दोन चाकांच्या रोलरवर तपासण्याआधी कंपनीची सूचना पाहावी. अनेक प्रकारांत पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारे कपलिंग त्यात तापून बिघडते. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकायला काही शे किलोमीटर घेतात. तोवर हँडब्रेकची ओढ थोडी वाढते आणि ती पुन्हा जुळवून घ्यावी लागते.